बोटभर चहा

४ मार्च १९९०, रविवार
शाई गोठली! पेन काखेत धरून बसले, तेव्हा कुठे ही ओळ उमटली. उलानबातरला मार्च लागला हे थंडीला कोणी कळवलेलंच नाही.
आज खुलाननं मला चौकात नेलं. नात विद्यापीठात गेली की आजीला मोर्चाला नेते! केवढी पोरं! एकाच पक्षाचं राज्य पुरे म्हणे, निवडणूक खरीखुरी हवी, पुढाऱ्यांनी खुर्च्या सोडाव्यात. मला अर्धं कळलं. पण गाणी झकास! एकानं मला पहिल्या रांगेत उभं केलं — आजींना कोण हात लावतोय म्हणून.
घरी माझा मुलगा दांबा, खुलानचा बाप, तोंड फुगवून बसलेला. पक्षाच्या कचेरीत नोकरी ना त्याची.

५ मार्च
नव्या वर्षाच्या सणातले उरलेले बूझ, मटण भरलेले उंडे, वाफवले. बापलेक बोलतात ते माझ्यामार्फत. तिला सांग, मीठ दे. त्यांना सांग, मीठ संपलं. मी टेलिफोन झालेय.

७ मार्च, बुधवार
खुलान उपोषणाला बसली! त्या चौकात, त्या थंडीत! पुढारी खुर्च्या सोडेपर्यंत नुसतं पाणी.
दांबा म्हणाला, "उद्या तिला घरी आण. माझी नोकरी गेली तर सगळेच उपाशी."
खोटं नाही बोलत तो.

८ मार्च
बायकांचा दिवस. दांबानं दरवर्षीसारखी दोन चॉकलेटं आणली. एक मला, एक गुपचूप खुलानच्या उशीवर. मी पाहिलं नाही असं त्याला वाटतंय.
थर्मासभर दुधाचा चहा घेऊन चौकात गेले. म्हटलं, आजीनं पुढे केलेला कप कोण नाकारील? नाकारणं म्हणजे अपमानच! खुलाननं उजव्या हातानं कप घेतला — मी जिंकले! — तर करंगळीशेजारचं बोट त्यात बुडवलं, आभाळाकडे शिंतोडे उडवले आणि कप परत दिला.
"अगं, हे दारू न पिणाऱ्यानं करायचं!"
"आज मी चहा न पिणारी आहे, आजी."
मान राहिला, पोटात थेंब नाही. बाकीच्या पोरांनीही रांगेनं तेच केलं! आमच्या ह्यांना हे कधी जमलं नाही. त्यांचा कप कोरडाच परत यायचा.
तिला 'घरी चल' म्हणायचं राहूनच गेलं. भरला थर्मास परत आणला, दांबाला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. पण विचारलं एवढंच, हात थरथरत होता का तिचा?
म्हटलं, बोट नाही थरथरलं.

९ मार्च
सकाळी दांबाला चहा दिला. त्यानं उजव्या हातानं कप घेतला, ते बोट बुडवलं, छताकडे शिंतोडे उडवले, कप माझ्या हातात दिला. टोपी घातली आणि कचेरीच्या उलट्या रस्त्यानं गेला.