तीन इंचांची खोडी

३ नोव्हेंबर, सोमवार

टाळूवर टेंगूळ! माझ्या नाही, ह्यांच्या. आणि कारण मी. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

काल दुपारी हे झोपल्यावर आमची जुनी विलायती गाडी मूर्तींच्या कारखान्याच्या आवारात फिरवली. बॉनेट एवढं लांब, की माझ्या चार फूट अकरा इंचांना नुसतं आभाळ दिसतं! म्हणून गणपती पॅक करायचा इंचभर जाड फोम ड्रायव्हरच्या सीटकव्हरखाली सारला. काढायला विसरले. आज हे वडखळला जाऊन आले. सहा फुटी माणूस — प्रत्येक खड्ड्याला डोकं छपराला!

तीस तारखेला रोह्यात जुन्या गाड्यांचा मेळा आहे. रोहा माझं माहेर. गाडी मी चालवत न्यावी, एवढंच मागणं. पंचवीस वर्षं कारखान्याचा टेंपो चालवला, त्याचं काही नाही. "ही गाडी तुझ्या हातची नाय गो," म्हणे!

५ नोव्हेंबर, बुधवार

फोम काढला नाही. उलट अजून एक इंच सारला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ह्यांनी टेप लावली. मूर्तिकाराची सवय — माप घ्यायचं ते पाटापासून मुकुटापर्यंत. म्हणजे सीटखालच्या लाकडी फळीपासून थेट छपरापर्यंत! मधली गादी हिशेबातच नाही. "बेचाळीस इंच. होतं तेवढंच हाय. मग डोकं का लागतं?"

मी पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात पळाले.

८ नोव्हेंबर, शनिवार

गडबचा महिपती मेस्त्री आला. खलबतं झाली. दोष स्प्रिंगांचा ठरला!

जेवताना मला शिकवणी. "छप्पर खाली, तर गाडीला ऐट. पण मग स्प्रिंगा कडक पायजेत, माणूस उसळता नये. मऊ स्प्रिंगा म्हंजे पाळण्याचं सुख, पण मग डोक्यावर जागा पायजे. बनवणाऱ्यानं तिन्हीचा मेळ कसा घातला असंल!" बोलताना पानातला भात गार झाला. खरं सांगू? ऐकायला छान वाटलं. थोडी लाजही वाटली — थोडीच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

महिपतीने स्प्रिंगांना एकेक पोलादी पाटा वाढवून त्या कडक केल्या. हे खांब गावापर्यंत जाऊन आले. डोकं वाचलं, कंबर गेली. तेल चोळता चोळता विचारलं, मी चालवू का? म्हणाले, "अजून जरा खाली चोळ."

तिसरा इंच!

१५ नोव्हेंबर, शनिवार

वाढवलेले पाटे काढले. गाडी मऊ. टेंगूळ दुसरं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

खोडी अंगाशी आली. महिपती म्हणाला, "रघुनाथभाऊ, छप्परच कापून उचलू. बसची बॉडी बांधणारा हाय माझ्या वळखीचा." आणि हे हो म्हणाले! रविवारी गाडी न्यायची.

ते छप्पर मागच्या काचेकडे काय सुरेख उतरतं! तेच बघून तर ह्यांनी गाडी घेतली होती. कापून वर उचललं की शाळेची व्हॅन दिसेल. आणि एकदा कापलेलं पुन्हा तसं होत नाही. माझ्यापायी!

२२ नोव्हेंबर, शनिवार

सांगून टाकलं. फोमचे तिन्ही तुकडे ओढून काढले आणि ह्यांच्यासमोर ठेवले. ओरडा खायची तयारी होती.

ह्यांनी एकेक तुकडा बोटांत दाबून बघितला. मग स्वतःच ते परत कव्हरखाली सारले — कोपरे जुळवून, नीट. "ऱ्हाऊ दे. तूच चालव."

एवढंच! छप्पर वाचलं, गाडी मिळाली, शिवी एक नाही. महिपतीला फोनही ह्यांनीच केला. जिंकले मी! रोह्याला भावजयीला कळवलं, दारात उभी राहा म्हणून.

३० नोव्हेंबर, रविवार

माहेरच्या दारात गाडी उभी केली. भावजय ओवाळायला ताट घेऊन आली, तरी हे उतरेनात. हळूच म्हणाले, "मला समोरचं नीट दिसत नाय. सहा महिने झाले. यंदा गणपतींचे डोळे मी नाय आखले, आपल्या पोरानं, पुष्करनं आखले. छप्पर कापायला टाकलं असतं, तर गाडी चार महिने उभी ऱ्हायली असती. डोळ्यांचं कोणाला सांगायला नसतं लागलं."