वयाची अट नाही

२ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या सरकारी कॉलेजातली फी गेली! सगळ्यांची गेली, आणि वयाची अट नाही. प्रवेशाच्या खिडकीत मीच बसतो, तेव्हा बातमी ऐकीव नव्हे. काल एक निवृत्त पोस्टमन नातवाला घेऊन आले. मी नातवाचे कागद मागितले, तर म्हणाले, प्रवेश मला हवाय. हसावं की उठून उभं राहावं, कळेना.

घरात मात्र यावरून जुंपली आहे. तुझी भाची म्हणते, पांढऱ्या केसांवर सरकारने पैसा का घालवावा, उद्या आम्हाला बाकावर जागा उरणार नाही. मी म्हटलं, शिकायची भूक काय वय विचारून लागते? तर म्हणाली, तुमची लाडकी अक्का तरी येतेय का बघा.

तेव्हा माझी लाज राख. ‘फी नसती तर शिकले असते’ हे तुझं पालुपद मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. आता अंगण सरळ झालंय, नाच बघू! इतिहासाला तुझं नाव घालून ठेवलंय. सोमवारी ये. एक बाई दुकानात नसली म्हणून जगाची घड्याळं बंद पडत नाहीत, असं भावजींना सांग.

लोभ असू दे. त्यालाही आता फी नाही.

तुझा
धाकटा

१२ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सोमवारी मी आले ते तू पाहिलंसच. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा हात वर करायचं धाडस झालं नाही, पण उत्तर येत होतं. इतक्या सुखात मी कधी बसले नव्हते. मात्र परत येणार नाही. का ते तुलाच सांगते, बायकोजवळसुद्धा बोलू नकोस.

यांचे हात कापतात. तीनेक वर्षं झाली. हे काउंटरवर घड्याळ घेतात, डोळ्याला भिंग लावून बघतात आणि ‘बसा थोडं’ म्हणत पडद्याखालून माझ्याकडे सरकवतात. दुरुस्त मी करते. नाव यांचं, कारण गिऱ्हाईक यांच्या हाताच्या भरवशावर येतं.

सोमवारी हेच म्हणाले, जा, मी सांभाळतो. घड्याळं नुसती ठेवून घ्यायची असं ठरलं होतं. पण एक बाई अडून बसली. वडिलांचं घड्याळ, माझ्या डोळ्यांदेखत उघडा म्हणाली. मी परतले तर शटर अर्धं खाली, आणि हे जमिनीवर बसून स्क्रू शोधत होते. मला बघून म्हणाले, आज काय शिकवलं?

तिला यांनी चष्मा बिघडल्याचं सांगून वेळ निभावली. पुन्हा निभायची नाही. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे. शेजारची शिंपीण विचारत होती, कॉलेज का सोडलंस? तोंडाला आलं ते सांगितलं, की पन्नाशीनंतर फीमाफी नाही. तू ते खोडू नकोस.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
अक्का

१९ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला. अगं, एखादा कारागीर का नाही ठेवत?

आणि तुझं ते पन्नाशीचं! तुमच्या गल्लीतल्या बायका चौकशी करून गेल्या होत्या, त्यातली एकही परत फिरकली नाही. शिंपीणबाई तर फक्त कागद आणायला घरी गेल्या होत्या. मी इथे खिडकी उघडी ठेवून बसतो आणि माझीच बहीण तिकडून कडी लावते. खरं सांगावं तर भावजी उघडे पडतात, गप्प बसावं तर त्या बायका घरी बसतात. शुक्रवारी प्रवेश बंद होतील. मी काय करू, तूच सांग.

भावजींवर माझा राग नाही. लोभ आहेच.

धाकटा

३० जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कारागिराला तोंड असतं रे. आज पगार घेईल, उद्या समोर दुकान थाटेल.

शिंपिणीला मीच सांगितलं की माझ्या ऐकण्यात चूक झाली, अट नाही. ती बाकीच्या बायकांना घेऊन धावतच तुझ्याकडे आली. प्रवेश घेऊन परतली ती थेट आमच्या दुकानात. मी पडद्यामागे होते. तिने यांना खडसावून विचारलं, आता फी नाही, वय नाही, मग अक्काचं अडलंय कुठे?

यांनी हात काउंटरखाली घेतले आणि म्हणाले, मीच सोडत नाही तिला. बाईमाणसाने घर सांभाळावं.

धाकट्या, या माणसाने उभ्या जन्मात मला पाणी आण म्हणून हुकूम सोडला नाही. वाटलं, बाहेर यावं आणि खरं काय ते सांगून टाकावं. पाय उचलला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तो आम्हा दोघांना.

आता गल्ली यांना नावं ठेवते. घड्याळं मात्र येतात. माणूस वाईट पण हात चांगला, असं म्हणतात.

शिंपीण रोज कॉलेजातून आली की मागच्या दाराने येते आणि त्या दिवशीचा तास मला सांगते, यांना चोरून. हे पुढे बसून मुद्दाम मोठ्याने खोकत राहतात, आम्ही बिनघोर बोलावं म्हणून. तिला वाटतं, तो खोकला रागाचा आहे. ती घाईघाईने वही मिटते आणि निघून जाते. मी तिला थांबवत नाही.

भाचीला सांग, बाकावरची तिची जागा कुणी घेतलेली नाही. तुझ्यावर माझा लोभ आहेच, तुझाही आम्हा दोघांवर असू दे.

तुझी
अक्का