जातील तर माझ्याच गाडीतून

३ नोव्हेंबर, सोमवार

दादाचा फोन. म्हणे, "बाबांना तुझ्या त्या हातगाडीतून आणू नकोस. मणका हातात येईल. मी इथून मोठी गाडी पाठवतो."

हातगाडी म्हणे!

ठरलंय ते असं – महिनाअखेर बाबा माझ्याकडून दादाकडे राहायला जाणार. कायमचे. त्याच्याकडे तळमजला आहे, मागे बाग आहे, वहिनी दिवसभर घरी असते. माझ्याकडे एक जिना आणि संध्याकाळपर्यंत घरात चिटपाखरू नाही. बाबांना विचारलं तर "तुम्ही दोघं ठरवाल तसं." आई गेल्यापासून हे एकच वाक्य. भाजी कुठली करू विचारलं तरी हेच.

पण आज फोन स्पीकरवर होता आणि बाबा मध्येच बोलले. "मी परक्याच्या गाडीत बसत नाही. येईन तर हिच्याच गाडीतून."

आतून फार बरं वाटलं. आपली बाजू घेतली कुणीतरी.

तर मग माझ्याच गाडीतून. आणि असं नेईन की वहिनीने विचारावं, बाबा, वाटेत झोप लागली होती का?

४ नोव्हेंबर

चाळिसाव्या वाढदिवसाला मी स्वतःला सस्पेन्शन घेतलं होतं. लोक अंगठी घेतात. कंपनीचे शॉक आणि स्प्रिंगा काढून बाहेरचे बसवले, हवे तसे फिरवून बदलता येणारे. गाडी चार बोटं खाली आली आणि काय दिसायला लागली! वहिनी म्हणाली होती, "या वयात हे थेर?" हो, याच वयात. आधी वेळ कुठे होता.

कडक आहे, मान्य. मला चालते. बाबांना नाही चालणार. पाणीखात्यात जन्म गेला, खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह फिरवण्यात. कमरेचे दोन मणके तिथेच झिजले.

गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, हे खेळणं काढा. जुनं बसवू, अर्ध्या दिवसाचं काम." म्हटलं, काढायचंच असतं तर बसवलं असतं कशाला? हेच राहणार आणि यातच बाबा बसणार. तो हात पुसत हसला. हसू दे.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिली फेरी. रेल्वेचं फाटक, बाजारामागचा उखडलेला रस्ता, दोन स्पीडब्रेकर, परत घरी. बाबा पुढे बसले, एक हात दाराच्या कडीला, एक कमरेवर.

निकाल – "पहिल्या स्पीडब्रेकरला कंबर, दुसऱ्याला कवळी."

कवळी मी केलेली आहे. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर दुसरं काय करते मी? ती हलणं शक्यच नाही. पण वाद घातला नाही.

घरी आल्यावर बोनेट उघडून त्यांना दाखवलं. दोन्ही बाजूंना शॉकच्या डोक्यावर एकेक छोटा नॉब. उजवीकडे फिरवला की कडक, डावीकडे मऊ, दर पायरीला टक् असा आवाज. मागच्या चाकांचे डिकीत. बाबा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"म्हणजे नळच की."

"हो, नळच."

"आणि हे कुणालाही फिरवता येतं? हाताने?"

"कुणालाही." किती महिन्यांनी त्यांनी स्वतःहून काही विचारलं.

९ नोव्हेंबर

चारही नॉब डावीकडे, शेवटपर्यंत. होडी झाली गाडीची. फाटक मागे पडलं तरी आम्ही डुलतोय. बाबांना मळमळलं, बाजाराशी थांबावं लागलं. मऊ म्हणजे आरामशीर नव्हे. धडा मिळाला.

११ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून गॅरेजमध्ये. गाडी वर उचलायला लावली आणि खाली शिरून स्वतः बघितलं. गॅरेजवाला म्हणे, "कपडे खराब होतील." होऊ देत.

शॉकच्या दांडीवर एक रबर असतं. गाडी फारच खाली आदळली तर शेवटचा आधार म्हणून. माझी बया इतकी खाली उतरवलेली की कायम त्या रबरावरच टेकलेली! शॉकला पुरेसं दबायला जागाच नाही, मग नॉब मऊ केला की गाडी रबरावर डुलणार आणि कडक केला की आदळणार. कवळी उंच बसली तर माणसाला नीट चावता येत नाही, मग तिला कितीही चकाकी द्या. आधी उंची बघावी लागते. लोकांना हे रोज ऐकवते आणि स्वतःच्या गाडीला विसरले.

गॅरेजवाल्यालाही हे सुचलं नव्हतं. तो म्हणाला, "मी तेच सांगणार होतो." बरं बाबा.

दोन बोटं वर घेतली. चाकं सरळ करून घेतली. चारातली दोन बोटं परत द्यावी लागली याचं दुःख झालं. दादाला कळता कामा नये.

१२ नोव्हेंबर

लॅबच्या खिडकीतून सारखी गाडी बघत होते. अजून देखणी आहे. बस्स.

१६ नोव्हेंबर, रविवार

जमलं!

नॉब मधोमध, किंचित मऊकडे. टायरमध्ये मी उगाच जास्त हवा भरायचे, ती कमी केली. फाटक – काही नाही. उखडलेला रस्ता – नुसती कुजबुज. बाबांचा हात कमरेवर नव्हता, मांडीवर होता. डोळे मिटलेले.

"काय म्हणताय?"

"बरी आहे."

मग बऱ्याच वेळाने, "बरीच आहे." घरी आल्यावर चहासुद्धा घेतला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दमले असतील.

जिंकले मी. आणि आनंद होत नाहीये. इथे लिहिते, कुणाला सांगणार नाही – मला बाबा जायला नको आहेत. संध्याकाळी बेल वाजवायच्या आधीच ते दार उघडतात. जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून ओळखतात. घरात येऊन मी लॅबमधल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवते आणि ते हसत नाहीत, फक्त म्हणतात, "तो कालचा पुन्हा कर." हे कुणासमोर करू आता?

पण मी मागणार नाही. तोंड आहे ना त्यांना? राहायचं असतं तर बोलले असते. बोलत नाहीत म्हणजे लेकाकडेच जीव ओढतोय. मग खुशाल जा. हाडं शाबूत ठेवून पोचवीन, एवढं माझं.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळी बाबांना डॉक्टरकडे नेलं. फाटकातच ते ओरडले, "मेलो!" मलाही दणका बसला. पुन्हा कडक. रविवारी लोण्यासारखी होती ती हीच गाडी का?

नॉब बघितले. पार उजवीकडे. परत मधोमध आणले.

२२ नोव्हेंबर

पुन्हा तेच. गॅरेजवर जाऊन भांडले. म्हटलं, तुमचा माल खराब, नॉब आपोआप फिरतात. तो पण तापला. "नॉब आपोआप फिरत नसतो, मॅडम. कुणीतरी फिरवतंय. घरी बघा."

घरी कोण फिरवणार! पण खालचा वकील आहे. गाडी लावायच्या जागेवरून त्याचा माझा छत्तीसचा आकडा. सकाळी फिरायला निघतो तो माझ्या गाडीला वळसा घालूनच. तोच. शंभर टक्के तोच.

२३ नोव्हेंबर

दादा – "हट्ट सोड आता. तीस तारखेला गाडी पाठवतोय."

मी – "पाठव. रिकामी परत जाईल."

बाबा शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काल झोपायच्या आधी लॅबच्या पेन्सिलने नॉबवर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. सकाळी बघते तर रेघेचे दोन तुकडे, एकमेकांकडे पाठ फिरवून. म्हणजे कारस्थान पहाटेचंच.

बाबांना काही बोलले नाही, उगाच घाबरतील. पहाटे ते दूध आणायला उतरतात, तो वकील त्यांनाच एकटं गाठायचा. उद्या ते गेले की मीही उतरते आणि खांबाआड उभी राहते. रंगेहाथ धरते त्याला. माझ्या बापाची कंबर म्हणजे काय खेळ आहे?

२६ नोव्हेंबर

वकील आला, गाडीला वळसा घालून निघून गेला. मग बाबा आले. दुधाची पिशवी आरशाला अडकवली, खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली, बोनेट उघडलं आणि कमरेत वाकले. टक्, टक्, टक्.

मला बघून दचकले नाहीत. म्हणाले, "तू इतकी झटत होतीस गाडीसाठी. वाटलं, तुला मला पोचवायची घाई झालीय. मग राहतो असं कोणत्या तोंडाने म्हणू?"

मी त्यांना बाजूला केलं आणि पुढचे दोन्ही नॉब उजवीकडे आवळले, हलेनात इतके. डिकी उघडली. म्हटलं, "मागचे तुम्ही." त्यांनी आवळले.

तिथूनच दादाला फोन लावला. बाबा येत नाहीयेत. का, म्हणाला.

म्हटलं, गाडी फार कडक आहे.