क्षमाचं आडनाव

धाराशिव,
११ नोव्हेंबर

तीर्थरूप आप्पा,

शरणु शरणार्थी. अव्वाचे गुडघे बरे असतील आणि आडतीवर सोयाबीनची आवक जोरात असेल असं धरून चालतो. मी दोन वेळा जेवतो. झालं क्षेमकुशल.

फोनवर मी ओरडतो आणि तुम्ही ठेवून देता, म्हणून कागदावर लिहितोय.

परवा शिवप्रसादमामा इथं कोर्टाच्या कामाला आले होते. म्हणाले, तुम्ही आडतीवर येईल त्याला सांगताय, "पोरगं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून त्या समाजवादी राजपालच्या मागं फिरतंय. भाषणाला भुललं. ह्या पोरांना फुकट वाटणारा दिसला की देव दिसतो." मामा हसत हसत सांगत होते. मला हसू आलं नाही.

व्हय, भुललो. कशाला भुललो ते विचारलंत कधी?

उमरग्याच्या पहिल्या सभेत त्यानं मत मागितलंच नाही. म्हणाला, "तलाठी, पोलीस, रेल्वे, कसल्याबी भरतीचा फॉर्म भरलेल्यांनी हात वर करा." मैदानभर हात. "नोकरी लागलेल्यांनी वरच ठेवा." सगळे खाली. एकच वर राहिला. त्याला विचारलं तर म्हणतो, "दादा, म्या सासऱ्याच्या दुकानात लागलोय!" लई हसलो आम्ही. राजपालदादाही हसला. मग म्हणाला, "तुम्ही नापास न्हाय. जागाच काढल्या न्हाईत. आणि वसतिगृह, दवाखाना, एस.टी. हे कुणाचे उपकार न्हाईत. आपलं आहे, आपण चालवायचं."

माझे चार विषय राहिले तेव्हा तुम्ही अक्काच्या लग्नाच्या पंगतीत, भर माणसांत म्हणालात, "ह्याच्या डोक्यात भुसा भरलाय." दुसऱ्या दिवशी मी हॉस्टेलवरून गादी उचलली ती त्या वाक्यापायी. एकवीस वर्षांत एका माणसानं सांगितलं की दोष माझ्या एकट्याचा नाही, आणि मी त्याच्या मागं जाऊ नको? तुम्ही ज्यांचे हार घेऊन रस्त्यात उभे राहता, त्या साहेबांनी मला आजवर एकच विचारलंय, "कुणाचा रे तू?" राजपालदादा विचारतो, "तुला काय जमतं?" एवढाच फरक आहे आप्पा. उद्या निवडून आल्यावर तोही गाडीच्या काचा वर करून फिरेल म्हणता. फिरू द्या. त्यालाही आम्हीच खाली ओढू.

आता हेही लिहितो, कारण खोटेपणाचा मला वीट आलाय. त्या सभेला मी त्याच्यासाठी गेलोच नव्हतो. क्षमा तिथं माईकचं बघत होती.

इतका वेळ तिच्या नावाला बगल देत होतो. तुम्हाला कळलंच असेल.

तुम्ही तिच्याबद्दल काय बोलताय ते आधीच कानावर आलं होतं, मामांनी शब्द न् शब्द सांगितला. "पोरीनं जात चोरली. स्वामी म्हणून घरात शिरली, बायकोला पाया पडायला लावलं." तुमच्या साहेबाची माणसं आता हेच गावोगाव सांगतायत, राजपालच्या पोरी नाव बदलून घरात घुसतात म्हणून. माकणीत तिच्या घरापर्यंत गेलंय. तिची आजी, केशरबाई, आठ दिवस बाहेर ओट्यावर बसली नाही.

आप्पा, आडनाव तिनं नाही सांगितलं. मी सांगितलं.

आठवा. प्रचारातून पाणी प्यायला आम्ही घरी आलो. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "आडनाव काय म्हणायचं लेकरू?" ती 'सरवदे' म्हणणार तेवढ्यात मीच बोललो, "स्वामी." का बोललो? भ्यालो. तासाभरापूर्वी चौकात 'जात गाडा' म्हणून घसा फोडला होता, आणि आपल्या बैठकीत तुमच्या भुवईला भ्यालो. स्वामी म्हणजे जंगम, आपल्या गुरूंचं घराणं; जंगमाची लेक वयानं कितीही लहान असू दे, घरी आली की वाकायचं, ही आपली रीत माझ्या ध्यानातच राहिली नाही. अव्वा पदर घेऊन वाकली. तुम्ही हात जोडलेत. क्षमा मागं सरकली, "अहो काकू, नका!" तुम्ही कौतुकानं म्हणालात, "लाजतंय लेकरू." तिनं अव्वाला धरून उठवलं, खुर्चीत बसवलं, आणि पाणी न पिताच निघाली.

स्टँडवर मला म्हणाली, "आईसमोर तुला खोटा पाडायचं माझ्या जिवावर आलं. ते माझं चुकलं. पण तू माझ्या बापाचं नाव पुसलंस मल्लेश. तुझ्या आप्पांनी नाही पुसलं, तू पुसलंस." त्या दिवसापासून ती बोलत नाही.

आणि तिचं खरं आडनाव छापलेलं प्रचाराचं पत्रक तुमच्या हाती लागलं, तुम्ही तिला चोर ठरवलंत, तेव्हा मी इथं गप्प बसलो. अकरा दिवस. तुमच्या नावानं बोटं मोडत. माझा सगळा राग तुमच्यावर, कारण तुमच्यावर रागावणं सोपं आहे.

तरी तुम्हाला सोडत नाही. तुम्ही अव्वाला डोक्यावरून पाणी घ्यायला लावलंत. कशासाठी? बसवकल्याण आपल्यापासून तासाभरावर. बसवण्णांनी तिथं जातीबाहेरचं लग्न लावलं, त्यापायी राज्य पेटलं, हे दर जयंतीला डोळ्यांत पाणी आणून तुम्हीच सांगता ना? मामा म्हणाले, अंगावर पाणी घेता घेता अव्वा बोलली, "त्या पोरीनं मला उठवून खुर्चीत बसवलं. तुमी कधी बसवलाव?" तिला कळलं आप्पा. तुम्हाला आणि मला कळलं नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी मी आडतीवर येतोय. माणसं भरलेली असताना काट्यापाशी उभा राहून सांगणार, की स्वामी मी म्हणालो. तिथंच मुस्काडात द्या, घेईन. पण त्यानंतर 'पोरीनं फसवलं' हे तुमच्या तोंडून पुन्हा निघता कामा नये. ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांना तुम्हीच उलटं सांगायचं. राजपालदादाला मत नका देऊ. मी ते मागतच नाही.

क्षमा ह्यानं परत बोलेल असं समजू नका. तिनं चिठ्ठी पाठवून स्पष्ट कळवलंय, "माझं नाव मला परत दे. त्याच्या बदल्यात काही मिळेल असं धरू नकोस." धरत नाही. धरत नाही म्हणतो, आणि समोरचं तिचं ऑफिस सुटायच्या वेळेला रोज खिडकीत उभा राहतो.

अव्वाला वाचता येत नाही. हे पत्र तिला तुम्हीच वाचून दाखवा, मामांना देऊ नका. आणि आडनाव कुणी सांगितलं ती ओळ आली की आवाज बारीक करू नका.

तुमच्या घरात खोटं बोललेला, तुमचाच,
मल्लेश