ढिम्म्याचा बोगदा

३ फेब्रुवारी

झालं एकदाचं! अंगणात पहिला अडथळा उभा राहिला. कुत्र्यांच्या उड्यांचं तयार सामान दुकानात विचारलं होतं. किंमत ऐकून मी आपलं घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि सटकले. नवरा प्लंबर असताना दुकानाचे लाड कशाला? कामावरून उरलेल्या पाइपांचा घरात ढीग पडलाय. आश्रयकेंद्रातून कुत्रा आणला तेव्हाच तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "ह्याला दमवा, डोक्याला काम द्या, नाहीतर तुमचं घर खाईल." सोफ्याचा एक हात खाऊन झालाच आहे!

त्याचं ढिम्म्या हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. हाक मारली की ढिम्म हलत नाही म्हणून.

४ फेब्रुवारी

पचका! अडथळ्याची आडवी दांडी नुसती टेकवायची असते — कुत्र्याचा पाय लागला की पडायला हवी. आमच्या साहेबांनी एकूणएक सांधा सोल्युशन लावून चिकटवलेला. ढिम्म्या अडकला आणि अख्खी चौकट गळ्यात घेऊन अंगणभर पळाला. "सवय गं, गळायला नको म्हणून लावलं." अरे, ह्यातून पाणी कुठे जाणारेय! सासूबाई गॅलरीत इतक्या हसल्या की ठसका लागला.

आता करवत घेऊन सगळं पहिल्यापासून.

९ फेब्रुवारी

आज काळजाचं पाणी झालं. फाटक उघडं राहिलं आणि ढिम्म्या रस्त्यावर. नवरा मागून जीव तोडून हाका मारतोय, हा मान वळवेना. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला.

नवरा त्याला उचलून घेऊन आला आणि पायरीवर बसला. मग म्हणाला, "जो हाकेला येत नाही, तो एक दिवस गाडीखाली जाणार. मला ते बघायचं नाही. महिनाअखेरीला परत देऊ." बाईंनी महिनाभर ठेवून बघा म्हणूनच दिलाय, तेव्हा देता येतो परत. म्हटलं, तोवर तरी थांब, मी त्याला ऐकायला शिकवते.

१३ फेब्रुवारी

जमतंय! रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून पाइप उभे केले, त्यांच्यामधून नागमोडी पळायचं. मी पुढे हातवारे करत, तोंडाची टकळी चालू — आणि हा माझ्याकडे टक लावून सुळकन निघतो. नवरा मात्र खिशात हात घालून नुसते हुकूम सोडतो. मग काय, ढिम्म! "तुझंच ऐकतो तो," म्हणाला आणि लहान पोरासारखा रुसला. खरं सांगते, मी मनातून खूश झाले.

१७ फेब्रुवारी

ढिम्म्याला आरपार पळायला बोगदा तयार. शिलाईचं दुकान माझं, तेव्हा हे खातंही माझं. गिऱ्हाइकाने नापसंत केलेलं जाड पडद्याचं कापड, आत नवऱ्याने वाकवून दिलेल्या पाइपची कडी. दुहेरी शिवण! सासूबाई म्हणाल्या, "माझ्या खोलीच्या पडद्यांना नाही कधी इतकी मेहनत घेतलीस."

१८ फेब्रुवारी

आत जातो आणि मध्येच बसकण मारतो. मी दुसऱ्या टोकाला घसा फोडतेय. शेवटी बाहेर आला — गेला त्याच तोंडाने.

२० फेब्रुवारी

तेच. बिस्कीट ठेवलं, तरी तेच. वैतागून बोगद्याच्या तोंडाशी आडवी झाले आणि आत डोकं घातलं. मला बघताच असा सुसाट आला की नाकावर आदळला! पण बाजूला होऊन हाक मारली की परत बसकण. "आज्ञा कसली पाळतोय? तुझं तोंड बघून येतो," नवरा म्हणाला. "रस्त्यात कुठे आडवी होणारेस तू?"

खरंच होतं ते. मला रडू आलं. रडलेच मग.

२१ फेब्रुवारी

ढिम्म्या नेहमीसारखा बोगद्यात बसलेला. नवरा छपरावरून पाइपांची मोळी काढत होता, ती निसटली आणि खालच्या पत्र्यावर पडली. काय धडाका! सासूबाई धावत गॅलरीत आल्या. शेजारचं बाळ किंचाळायला लागलं. घाबरला असेल बिचारा, म्हणून मी वाकून आत बघितलं. निवांत पंजा चाटत होता. कानसुद्धा हलला नाही.

मी नवऱ्याला हाताने बोलावलं. त्याने वाकून बघितलं. मग एक पाइप उचलला आणि मुद्दाम पत्र्यावर आपटला. पुन्हा आपटला.

ढिम्म्याने दुसरा पंजा चाटायला घेतला.

२२ फेब्रुवारी

जन्मापासून बहिरा आहे, डॉक्टर म्हणाले. केंद्रात इतर कुत्र्यांच्या मागे पळायचा, त्यामुळे कोणाला कळलंच नाही. गाडीत मी भीत भीत विचारलं, "केंद्राकडे वळायचं?" "घरी चल," नवरा म्हणाला. फाटकाशी उतरला आणि ढिम्म्यासमोर उकिडवा बसला. "चुकलो रे बाबा," म्हणाला — चांगला मोठ्याने. मग थांबला, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान पकडले.