कौसाबाईचा हात, माझा पाय

४ जाने., रविवार
अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज लिहा: काय केलं, किती थकलात, दुखणं दहापैकी किती. तर, दु. ७. कणीक मळली आणि हात गळाले. पोळ्या ह्यांनी लाटल्या, नकाशे निघाले. सासूबाई बघत होत्या.
त्या तापाला चौदा महिने झाले. ताप पाच दिवसांत गेला, सामान इथेच ठेवून. सगळे रिपोर्ट चांगले. रजा संपते, २ फेब्रु.ला हजर व्हायचं, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. बावीस वर्षं सहावी-सातवीला विज्ञान शिकवलं. घरात बसून मी काय करणार आहे?

६ जाने., मंगळ.
दु. ९. ह्यांनी काल संग्रामपूरहून मालिशवाला आणला, पूर्वी कुस्त्या खेळायचा म्हणे. त्याने मला रगडलं. दुखल्याशिवाय दुखणं जात नाही, असा आपल्याकडे समज. मीही ओठ दाबून सोसलं, शहाणी. आज न्हाणीपर्यंत भिंत धरून गेले. हे दिवसभर माझ्याकडे बघायचं टाळत होते.

९ जाने., शुक्र.
कौसाबाई आली. गावातली निम्मी लेकरं हिच्या पायांवर न्हायलेली, माझी दोन्हीसुद्धा. मी आधीच बजावलं, रगडायचं नाही.
"तुमी काय घोंगडं आहा का, रगडाले?"
तेल कोमट केलं, पाठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि बसून राहिली. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, हिला डुलकी लागली. मग हात जरासा सरकला, पुन्हा थांबला. सातव्या महिन्यात जन्मलेलं लेकरू असंच धरावं लागतं, म्हणाली. "आंग भेऊन राह्यलं तुमचं. भेलेल्याले दाबत नसतेत."
मला रडू आलं. चौदा महिन्यांत पुष्कळ हात लागले अंगाला, सगळे काही ना काही तपासायला. ती थांबली नाही, काऊन रडता असंही विचारलं नाही.

१४ जाने., संक्रांत
दु. ५. कौसाबाई एक दिवसाआड येते. बरी झाले असं अजिबात नाही. सकाळी अंग ओल्या गोणपाटासारखं जडच. पण तिचा हात लागला की दुपारचे दोन तास माझे असतात.
शेजारच्या बाया तिळगूळ द्यायला आल्या. चांगल्या तर दिसता, म्हणाल्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "कागदावर तं कायीच नव्हतं." हे त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं. मोजते मी.

१९ जाने., सोम.
ओट्यापाशी उभी राहून बघितलं. १८ मि. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो.

२२ जाने., गुरु.
२४ मि.! दु. ५.
कौसाबाई तळपाय चोळता चोळता म्हणाली, बाई, तुमी पायाळू ना? मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं. गावाला माहीत आहे, म्हणाली.
असेल. जन्मताना माझे पाय आधी आले. अशा माणसाचा पाय पाठीला लावला की भरलेली उसण उतरते म्हणतात. लहानपणी माहेरी मला घरोघर न्यायचे, पालथ्या पडलेल्या माणसांच्या कमरेवर पाय ठेवायला. डी.एड.ला गेले आणि ते थोतांड सोडून दिलं. अंधश्रद्धेच्या धड्याला सातवीला दरवर्षी हेच उदाहरण देते.


२६ जाने., सोम.
झेंडावंदनाला गेले. राष्ट्रगीत पूर्ण उभी होते, मागे भिंत होती. हेडमास्तर म्हणाले, या आता, मुलं विचारतात. सातवीतली एक पोर नुसतीच बघत राहिली, मी बारीक झालेय म्हणून असेल. आल्यावर संध्याकाळपर्यंत झोपून. दु. ७.
कौसाबाई आली नाही. हंडा उचलताना कमरेत उसण भरली, असा तिच्या सुनेचा निरोप.

२७ जाने., मंगळ.
कौसाबाईला काल दवाखान्यात सुई दिली, फरक नाही म्हणे. मला दु. ८. तिच्या दुखण्यापेक्षा माझे दोन तास बुडाले याचं वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते.

२८ जाने., बुध.
सकाळी कौसाबाई स्वतः आली, काठी टेकत, कमरेत वाकडी. अंगणातल्या सतरंजीवर पालथी पडली. "पाय लावा, बाई."
मी म्हटलं, कौसाबाई, यानं काही होत नसतं. गरम पाण्याची पिशवी देते. हे गाडी काढतील, खामगावला दाखवू. ती तोंड सतरंजीत ठेवूनच बोलली.
"मी हात लावतो तवा तुमी इचारलं का, काऊन गुन येते म्हून?"
नव्हतं विचारलं.
सासूबाई दारात गहू निवडत होत्या. बारा वर्षांपूर्वी उसण भरली तेव्हा त्या अशाच इथेच पालथ्या पडल्या होत्या. सुनंदा, पाय लाव म्हणाल्या, आणि मी शेजारणींच्या देखत भाषण दिलं, पायाने पाठ बरी होत असती तर दवाखाने कशाला बांधले असते. त्या भिंत धरून आपल्या आपण उठल्या. पुन्हा कधी काही मागितलं नाही.
ह्यांचा खांदा धरला. पाय उचलताना खुब्यातून कळ गेली. तीनदा लावायचा, न बोलता. दाबला नाही. ठेवला आणि थांबले, ती थांबते तसं. तळव्याखाली तिचा श्वास वरखाली होत होता. मग म्हाताऱ्या माणसाला पाय लागला म्हणून तिच्या पाया पडले, तर मलाच उठवायला दोघं लागले.
सासूबाईंनी गहू निवडायचे थांबवले नाहीत.

३० जाने., शुक्र.
कौसाबाई हजर, सरळ चालत. उतरली म्हणाली. सुई होतीच, शिवाय उसण चार दिवसांत आपोआपही उतरते. हे फक्त इथे लिहिते. तिनं माझ्या खुब्यावर हात ठेवला. ३१ मि.

१ फेब्रु., रवि.
साडीला इस्त्री केली, मध्ये दोनदा बसून. हजर रिपोर्ट लिहिला. निवृत्तीचा अर्जही लिहिला. दोन्ही पर्समध्ये.
सकाळी हे मिरचीच्या वावरात गेले आणि सासूबाईंनी अंगणात सतरंजी टाकली. मला वाटलं, वाळवण. तर त्या पालथ्या पडल्या. काल ह्याच बाईने दोन बादल्या उचलून नेल्या होत्या.
मी विचारलं, आई, उसण भरली का?
"तवाचीच हाय."
 चूक झाली म्हणायला हवं होतं, ते जमलं नाही. म्हटलं, आई, हे घरी नाहीत. मला एका पायावर उभं राहवत नाही.
"मालूम हाय मले. बसून लाव."
पाट घेतला. शेजारी बसून पाय त्यांच्या कमरेवर ठेवला. तीनदा लावायचा असतो, पण मी एकदा ठेवला तो काढलाच नाही. त्यांनीही काढ म्हटलं नाही. ऊन पायरीवर येईपर्यंत तशाच होतो दोघी.
दु. ६. दोन्ही कागद पर्समध्येच आहेत. उद्या साडेदहाला प्रार्थना. वर्गात खुर्ची असते, पण बावीस वर्षांत मी तिच्यावर बसून कधी शिकवलं नाही.