रविवारी सीरोसला पोहोचतेच

गुरुवार, ९ ऑक्टोबर, संध्याकाळ
पिरेअस बंदर सुटलं. केबिन छोटी, पण खिडकीची. खिडकीसमोर लाइफबोट टांगली आहे, त्यामुळे समुद्र दिसत नाही. समुद्र काय, जन्मभर बघितलाय.

पोपी सोडायला आली आणि बंदरापर्यंत एकच पालुपद: आई, साधी बोट चार तासांत सीरोस बेटावर नेते, तू क्रीट, सान्तोरिनी करत तीन दिवसांनी का पोहोचतेस? लेकीला म्हटलं, गुडघ्यांसाठी. मोठं जहाज हलत नाही. दुसरं कारण नाही. गेल्या वर्षी धक्क्यावर चारचौघांत मारुसो म्हणाली होती, की वहिनी, दर वेळी बोट लागून काकडीसारखी हिरवी होऊन उतरतेस, लोकांना वाटेल भावाच्या मागोमाग तूही निघालीस. ते मी केव्हाच विसरले. नणंद आहे, बोलणारच.

रविवारी सकाळी चर्चमध्ये इसिदोरोसच्या तिसऱ्या वर्षाची प्रार्थना. जहाज त्याआधी दोन तास सीरोसला लागतं, छापील वेळापत्रकात आहे. मारुसोला निक्षून सांगितलंय: कोलिवा मी आणणार, तू गव्हाला हातसुद्धा लावायचा नाहीस. नवऱ्याच्या नावाने वाटायचे कोलिवाचे गोड गहू बायकोनेच शिजवायचे. ते उकडून, पंचावर रात्रभर पसरून कोरडे करून आणलेत. डाळिंब, बदाम, बेदाणे, दालचिनी वेगळं. वेटरने डबा थंड कपाटात ठेवला. शनिवारी सगळं कालवायचं, वर साखर थापायची, बदामांचा क्रूस काढायचा.

ठरवलं: रोज डेकवर फेऱ्या. मीठ कमी. रडायचं नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
फेऱ्या उद्यापासून. आज वारा होता.

क्रीटहून निघालो आणि जेवताना काटे-चमचे थरथरले. मग थांबले. मग लक्षात आलं, जहाजच थांबलंय. दिवे चालू, गाणी चालू, आइस्क्रीम चालू, फक्त जाणं बंद. स्पीकरवर कॅप्टन म्हणाला, पंखे फिरवणाऱ्या दोन मोटरींपैकी एकीत किरकोळ अडचण आहे.

माझ्या टेबलावर लारिसा गावचे प्रोद्रोमोस असतात, निवृत्त शाळामास्तर. सोमवारी त्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा, आजोबाच धर्मपिता. ते म्हणाले, किरकोळ म्हणजे गेलोच आपण. मी म्हटलं, अहो, एका मोटरीवर सावकाश पोहोचू. ते म्हणाले, बाई, तुम्ही इंजिनिअर का? म्हटलं, माझा नवरा तीस वर्षं तारेवरच्या विजेची ट्रॉलीबस चालवायचा. विजेची मोटर तीच, इथे खाली पाणी एवढाच फरक. मास्तर सूप पीत राहिले. पटलं असावं.

शनिवार, ११ ऑक्टोबर
रात्री एका मोटरीवर हळूहळू निघालो. सान्तोरिनी रद्द. उत्तम! तेवढा वेळ वाचला, म्हणजे सीरोस वेळेआधीच.

जहाजाच्या वाचनालयात जहाजांच्या यंत्रांवरचं पुस्तक मिळालं. मी शाळेत चौथीपर्यंत, पुढचं सगळं स्वतः वाचून. तिसरं प्रकरण संपवलं आणि रिसेप्शनवर गेले. पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याला समजावलं, की ट्रॉलीची दांडी तारेवरून सुटली की इसिदोरोस उतरायचा, दोरी ओढायचा, दांडी परत तारेवर टेकवायचा, गाडी चालू. तुमचंही काहीतरी सुटलंय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, मावशी, आमच्या जहाजाला दांडी नाही. मग हळूच म्हणाला, आता दुसरी मोटरही तापतेय.

पोपीचा मेसेज: आत्याला कळव, ती गहू शिजवेल. कळवलं नाही. फोनची बॅटरी कमी होती. शिवाय मारुसोला उगाच काळजी. शिवाय पोहोचणार आहोत.

कोलिवा कालवला. जहाज डुलत होतं, दालचिनीचा डबा हातातून निसटला. थोडी जास्त पडली. वासाने केबिन भरून गेली, आमच्या स्वयंपाकघरासारखी. खिडकी उघडत नाही, म्हणून डोळ्यांना पाणी आलं.

रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळ
सीरोस दिसतंय! डेकवर सगळ्यात आधी मीच. काळा पोशाख, इस्त्रीचा. टेकडीवरची घरं, निळा घुमट, सगळं समोर.

थोडा वेळ झाला. अजून समोरच आहे.

दोन्ही मोटरी बंद. वाऱ्यात बंदरात शिरणं धोक्याचं, लहान बोटी सोडणंही धोक्याचं. ओढायला टगबोटी येताहेत, पण त्या थेट पिरेअसला नेणार. अधिकाऱ्याला म्हटलं, मला एकटीला दोरीने सोडा. तो हसला नाही. बरा मुलगा आहे.

मारुसोला फोन केला. लागला नाही. चर्चमध्ये शिरताना ती फोन बंद करते.

पिरेअसहून आलेली साधी बोट आमच्या शेजारून गेली, भोंगा वाजवून. तिच्यावरची माणसं हात हलवत होती. मी हलवला नाही.

दुपार
मग कोलिवाची परात घेऊन डेकवर बसले. घंटा ऐकू आली. मास्तर म्हणतात, इतक्या लांबून येणं शक्य नाही. मला आली. वेटरने कागदी पेले आणून दिले. म्हटलं, वाटून टाकते. गहू परत न्यायचे नसतात.

पहिला पेला मास्तरांनी घेतला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि खाणाऱ्याने म्हणायचं असतं ते म्हणाले, देव त्यांना क्षमा करो. मग एका परदेशी बाईने घेतला. मग एकदम रांग! लोकांना वाटलं, जहाज बंद पडल्याची भरपाई कंपनी देतेय. कोणी विचारलं, यात चॉकलेट नाही? एकाने दोन घेतले, दुसरा बायकोसाठी. मी प्रत्येकाला आधी म्हणायला लावत होते, की देव इसिदोरोसला क्षमा करो. मास्तर शाळेत म्हणून घेतात तसं म्हणून घेत होते. लोकांना वाटलं, ग्रीक भाषेत आभार मानतात तसं काही असेल. मोठ्याने म्हणाले. शेवटच्या माणसाला काही उरलं नाही, तो माझ्यावर खेकसला, की ही कसली व्यवस्था, तक्रार करीन.

इतक्या लोकांनी इसिदोरोसचं नाव कधीच घेतलं नव्हतं. मारुसोच्या चर्चमध्ये एवढी माणसं मावतही नाहीत. एकंदरीत हेच बरं झालं.

रडले नाही. साखर डोळ्यांत गेली.

सोमवार, १३ ऑक्टोबर
पिरेअस. ओढत आणलं, म्हाताऱ्या गाढवासारखं. मास्तरांचं लक्ष लारिसाकडे: बाप्तिस्म्याला तिथे दुसऱ्याच कोणाला तरी धर्मपिता केलं. म्हणाले, नाव धर्मपिता ठेवतो, मुलाचं नावही बदललं असेल. जाताना म्हणाले, बाई, तुमचा नवरा लक्षात राहील.

पोपी धक्क्यावर होती. माझी बॅग उचलून पुढे चालू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मारुसोने फोन उचलला नाही. मी एकदाच केला. बॅटरी.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
साध्या बोटीने सीरोस. चार तास. हिरवी झाले.

मारुसो धक्क्यावर, काळा रुमाल बांधून. पोपीने कळवलं असणार. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, गप. रविवारी पहाटेपासून इथेच उभी होते. सगळं गाव होतं. तुझं ते पांढरं जहाज सगळ्यांनी बघितलं, समोर उभं, हलेना. पाद्रीबाबांना दोनदा थांबवलं. शेवटी त्यांनाही जेवायचं होतं.

म्हटलं, आणि कोलिवा?

म्हणाली, शुक्रवारीच गहू भिजवले. तू येतेस म्हणालीस ना, म्हणून. पण तुझ्या नावाने वाटला, बायकोकडून म्हणून.

मग तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली. माझ्यासाठी राखून ठेवलेली. मी तिथेच, बोचक्यावर बसून खाल्ला. दालचिनी अगदी बेताची होती.

मारुसो वाट बघत उभी राहिली. शेवटी म्हणाली, वहिनी, खाल्लास ना? मग म्हण की.

तीन वर्षं मीच वाटत आले, लोकच म्हणत आले. मला कधी म्हणावं लागलं नव्हतं. म्हटलं. देव त्यांना क्षमा करो. दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा आवाज फुटला नाही.

वारा अजिबात नव्हता.